घरच्या रुग्णाची महिन्याची औषधं आणि जन औषधी केंद्र: कुठे खरोखर उपयोगी, कुठे नाही

डिस्चार्ज कार्डावर आठ-दहा औषधं असतात आणि दवाखान्याचं बिल कसंबसं भागवलेल्या घराला खरा धक्का त्या कार्डामुळे बसतो. दवाखान्याचं बिल एकदाच येतं, गोळ्यांचं दर महिन्याला येत राहतं. अँजिओप्लास्टीनंतर, पक्षाघातानंतर किंवा मधुमेहात मूत्रपिंड बिघडायला लागल्यावर महिन्याचा औषधखर्च एकदम किती वाढेल, हे आधी कुणी सांगत नाही. विम्याची पॉलिसीही डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवस संपले की हात वर करते. अशा घरांसाठी हे परीक्षण प्रधानमंत्री भारतीय जन औषधी केंद्राचं, म्हणजे जेनेरिक (ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने विकली जाणारी) औषधं स्वस्तात देणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांसाठी यापेक्षा भरवशाचं आणि स्वस्त दुकान सर्वसामान्य घराला मिळणार नाही. पण डिस्चार्जच्या रात्री घाईने औषधं आणायची ही जागा नव्हे. हा फरक न कळल्यामुळे बरेच जण एकदा जातात, तीन औषधं मिळतात, पाच मिळत नाहीत, आणि ‘तिथे काही नसतं’ म्हणून पुन्हा फिरकत नाहीत.

ही योजना २००८ साली सुरू झाली, पहिलं केंद्र अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलात उघडलं. आज देशात १५ हजारांहून अधिक केंद्रं आहेत. यादीत सुमारे दोन हजार औषधं आणि तीनशेच्या आसपास शस्त्रक्रिया व शुश्रूषेचं साहित्य आहे. किंमत ठरवण्याचा नियम साधा आहे: त्याच औषधाच्या बाजारातल्या आघाडीच्या तीन ब्रँडची सरासरी किंमत काढायची आणि केंद्राचा दर तिच्या निम्म्याहून वर जाऊ द्यायचा नाही. प्रत्यक्षात अनेक गोळ्या ७०-८० टक्क्यांनी स्वस्त पडतात.

एक ठोस उदाहरण घेऊ. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दोन औषधं एकत्र असलेली ५०/५०० मिलिग्रॅमची गोळी सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रांत आली, तेव्हा दहा गोळ्यांची किंमत ६५ रुपये होती. सिटाग्लिप्टिनच्या ब्रँडेड गोळ्यांच्या दहाच्या पाकिटांचे दर त्या वेळी साधारण १६० ते २६० रुपयांच्या दरम्यान होते. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे महिन्याला सहा पाकिटं: केंद्रात ३९० रुपये, बाहेर हजार ते पंधराशे. हा हिशेब एकाच औषधाचा झाला, आणि डिस्चार्ज कार्डावर अशी सात-आठ औषधं असतात.

पहिले पंधरा दिवस काय करायचं

डिस्चार्जनंतरच्या पहिल्या फॉलोअपमध्ये डोस अनेकदा बदलतात. रक्तदाबाची गोळी कमी होते, पोटाची बंद होते, पाणी काढणारी निम्मी होते. म्हणून पहिल्या वेळी पूर्ण महिन्याची औषधं कुठूनच घेऊ नका. फॉलोअपची तारीख अधिक तीन दिवस एवढीच घ्या. कापलेली स्ट्रिप कोणताही केमिस्ट परत घेत नाही. महागडी औषधं वाया जातात ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

या पहिल्या खरेदीसाठी जवळचं चांगलं मेडिकल पुरे. दवाखान्यातल्या मेडिकलमधूनच घ्या असा आग्रह झाला, तर तशी सक्ती करता येत नाही हे लक्षात ठेवा. ‘इथूनच औषधं घेणं बंधनकारक नाही’ असा फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिलेले आहेत. रुग्ण दाखल असताना लागणाऱ्या महागड्या इंजेक्शनांबाबतही डॉक्टरांना सरळ विचारावं: याच घटकाचं कमी छापील किमतीचं इंजेक्शन चालेल का? अँटिबायोटिकच्या एकाच इंजेक्शनाच्या दोन ब्रँडच्या छापील किमतींत कित्येक पटींचा फरक असू शकतो, आणि विचारल्याशिवाय तो कुणी दाखवत नाही.

फॉलोअपला जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, ‘यातली कायमची कोणती आणि काही दिवसांपुरती कोणती’ अशी खूण. दोन, प्रत्येक कायमच्या औषधासमोर कंसात घटकाचं नाव. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. औषध नियमांनुसार शेड्यूल एच मधल्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाच्या चिठ्ठीवर एक ब्रँड लिहिलेला असेल, तर केमिस्टला स्वतःच्या मनाने दुसरं औषध देता येत नाही. चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव असलं की केंद्रातला फार्मासिस्ट अडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. बहुतेक डॉक्टर न चिडता घटकाचं नाव लिहून देतात, पण ते तपासणी चालू असताना मागावं. खोलीबाहेर आल्यावर रिसेप्शनवर मागून उपयोग नसतो.

केंद्रात जाण्याआधी घरी बसून

एक कागद घ्या. स्ट्रिपच्या मागच्या बारीक अक्षरांतून पाच गोष्टी उतरवा: घटक, किती मिलिग्रॅम, गोळीचा प्रकार, दिवसाला किती, महिन्याला किती. इथल्या चुका महागात पडतात, म्हणून थोडं सविस्तर.

ब्रँडच्या नावापुढचं अक्षर हे अनेकदा वेगळं औषध असतं. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर आत अ‍ॅम्लोडिपिनही असतं, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड. आम्लपित्ताच्या पॅन्टोप्राझोलपुढे ‘डी’ असेल तर सोबत मळमळीचं डॉम्पेरिडोन आहे. हे अक्षर कागदावर आलं नाही तर केंद्रातून अर्धंच औषध घरी येतं आणि रक्तदाब का चढतोय ते कळत नाही.

‘एसआर’, ‘एक्सएल’, ‘ईआर’ ही अक्षरं असतील तर औषध हळूहळू सुटणारं आहे. त्याच्या जागी साधी गोळी चालत नाही. रक्तदाब-हृदयाच्या मेटोप्रोलॉलमध्ये तर दोन क्षार आहेत: सक्सिनेट, जे हळू सुटणाऱ्या रूपात दिवसातून एकदा देतात, आणि टार्ट्रेट, जे बहुधा दोनदा द्यावं लागतं. मिलिग्रॅमचा आकडा जुळला म्हणून ती एकमेकांच्या जागी देऊ नयेत. हळू सुटणारी गोळी चावून किंवा कुटून देऊ नये हेही इथेच लिहून ठेवा. नाकातून नळी असलेल्या रुग्णाला अशी गोळी लिहिली असेल, तर पर्यायी रूप डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

मग जन औषधी सुगम हे ॲप उघडा. घटकाचं नाव टाकलं की यादीत ते औषध आहे का, किती गोळ्यांचं पाकीट, काय किंमत, हे दिसतं; जवळचं केंद्रही सापडतं. इंग्रजी स्पेलिंग स्ट्रिपवरून जसंच्या तसं टाकावं, एखादं अक्षर चुकलं तर औषध नाहीच असं वाटतं. यादीत नाव आहे म्हणजे तुमच्या कोपऱ्यावरच्या केंद्रात माल आहे असं मात्र नाही. कागदाचा फोटो केंद्राला आधी पाठवा किंवा फोनवर वाचून दाखवा.

कमी मिळते ती दोन-तीन घटकांची एकत्रित गोळी. तिच्याऐवजी दोन सुट्या गोळ्या मिळू शकतात आणि त्या अनेकदा स्वस्तही पडतात, पण रुग्णाच्या गोळ्यांची संख्या वाढते. विस्मरणाचा त्रास असलेल्या किंवा गिळायला अडचण असलेल्या माणसासाठी आमच्या मते शे-दीडशे रुपये जास्त देऊन एकत्रित गोळीच बरी. चुकलेल्या डोसची किंमत त्याहून मोठी असते.

माल का नसतो

केंद्रचालकाला छापील किमतीवर २० टक्के सुटतात. सत्तर रुपयांच्या पाकिटावर ते चौदा रुपये झाले. महिन्यातून एका गिऱ्हाइकाला लागणारं औषध मागवून ठेवलं आणि ते मुदतबाह्य झालं, तर नुकसानीची धास्ती चालकाला असते. त्यात सरकारी प्रोत्साहन रक्कमही २०२४ पासून सर्वाधिक खपाची ठरावीक २०० औषधं दुकानात ठेवण्याशी जोडलेली आहे. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्ट्रॉल, आम्लपित्त, रक्त पातळ ठेवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या बहुतेक ठिकाणी मिळतात. पार्किन्सन, फिट किंवा मूत्रपिंडाची कमी खपाची औषधं मागवावी लागतात.

यावर उपाय एकच, नियमित गिऱ्हाईक होणं. ‘ही सहा औषधं दर महिन्याच्या सुरुवातीला एवढी लागणार’ असा कागद चालकाकडे दिला की तो पुढच्या मागणीत ती धरतो. गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी निरोप द्या. आठवडाभराचा साठा घरात कायम जादा ठेवा, कारण तुटवडा आला की तो अनेकदा सगळ्याच केंद्रांत एकदम येतो. आणि दोन केंद्रांचे नंबर जवळ ठेवा. सरकारी दवाखान्याच्या आवारातल्या केंद्रात खप जास्त म्हणून विविधताही सहसा जास्त असते, पण सकाळच्या बाह्यरुग्ण वेळेत रांग असते. दुपारी जावं.

शुश्रूषेच्या साहित्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. प्रौढांचे डायपर, गॉज, कापूस, हातमोजे, लघवीची पिशवी हे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी औषधांइतकेच पैसे खातात. हे केंद्रात असेल तर जरूर घ्या. डायपरचं आधी एकच पाकीट घेऊन माप आणि गळती तपासा, मग महिन्याचा साठा भरा.

काय बदलू नये

स्वस्त मिळतं म्हणून काही औषधांचा बनवणारा परस्पर बदलायचा नसतो. ज्या औषधांत उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं असतं, ती ही: थायरॉइडचं लेव्होथायरॉक्सिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन आणि अ‍ॅसेनोकुमारॉल, प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, मनोविकाराचं लिथियम, हृदयाचं डिगॉक्सिन. यांत जेनेरिक वाईट असतं असा अर्थ काढू नका. एका बनवणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना रक्तातली पातळी थोडी हलू शकते, आणि या औषधांत ‘थोडी’ही पुरते. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि तपासणी ठरवून: लेव्होथायरॉक्सिन बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), वॉरफॅरिनच्या गटात आठवड्याभरात आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी). फिटच्या आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांत, व्यवस्थित चाललंय तर हात लावू नये, हे आमचं स्पष्ट मत.

इन्सुलिनसाठी केंद्रावर विसंबू नका. तिथलं इन्सुलिन आणि तुमच्या पेनमधलं इन्सुलिन एकाच प्रकारचं असेल असं नाही, आणि प्रकार बदलला की डोस आणि जेवणाची वेळ दोन्ही बदलतात.

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या रुग्णाबद्दल वेगळं लिहायला हवं. गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बहुधा वर्षभर, म्हणजे महिन्याला ६० गोळ्या. खर्च झेपत नाही म्हणून घरचे ती एकवेळ करतात किंवा दोन-तीन महिन्यांनी थांबवतात. असं करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा धोका असतो. टिकाग्रेलॉरचं पेटंट (एकाच कंपनीला ते बनवण्याचा हक्क) २०१९ मध्येच संपलं आहे, त्यामुळे स्वस्त पर्याय बाजारात आहेत; आधी ते शोधा. तेही जड जात असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना मोकळेपणी सांगा. क्लोपिडोग्रेल या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधावर नेता येईल का, हे ते ठरवू शकतात. क्लोपिडोग्रेल सुरू झालं तर पोटाच्या गोळीकडे पाहा: ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतात, म्हणून सोबत सहसा पॅन्टोप्राझोल देतात.

दुहेरी डोसचा धोका

औषध बदलताना सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात धोकादायक चूक ही: जुन्या ब्रँडच्या उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात, नवी स्ट्रिप आणली जाते, रंग-आकार वेगळा असल्याने दोन्ही वेगळी औषधं समजून दोन्ही दिल्या जातात. साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइडची गोळी अशी दुप्पट गेली तर वयस्कर माणसाची साखर रात्रीतून धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून बदल एकाच दिवशी करा. जुन्या गोळ्या आधी संपवा, किंवा दुसऱ्या खोलीत बांधून ठेवा. नव्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात मराठीत लिहा: ‘साखर – सकाळी नाश्त्याआधी’, ‘प्रेशर – रात्री’. सांभाळायला येणाऱ्या मावशींना आणि घरातल्या प्रत्येकाला तो कागद दाखवा. बदलानंतर पहिले दोन आठवडे रक्तदाब आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजून लिहून ठेवा. औषध लागू पडतंय की नाही याचा वाद मग आकड्यांवर मिटतो. ‘स्वस्तातलं औषध आहे, याने काय होणार’ म्हणणाऱ्या आजोबांनाही हीच वही दाखवावी.

दर्जाबद्दल विचारणं अगदी रास्त आहे. केंद्रांना माल पुरवणारे उत्पादक जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांनुसार प्रमाणित असावे लागतात, आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच सोडली जाते. तरीही केंद्रीय औषध नियामक दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या बॅचची जी यादी जाहीर करतो, तीत जन औषधीच्या बॅचही कधी आलेल्या आहेत आणि नामवंत ब्रँडच्याही. त्यामुळे बॅच क्रमांक असलेलं बिल जपून ठेवा. गोळीचा भुगा होत असेल, रंग डागाळलेला असेल, तर ती देऊ नका. पाकीट तसंच्या तसं परत दाखवा आणि १८०० १८० ८०८० या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

‘जेनेरिक’ पाटीची इतर दुकानं

शहरांत आता ‘८० टक्क्यांपर्यंत सवलत’ लिहिलेली खासगी जेनेरिक दुकानं गल्लोगल्ली आहेत. ती वाईट नाहीत, पण सवलतीचा टक्का पाहून निर्णय घेऊ नका. ब्रँडेड जेनेरिक (कंपनीने स्वतःचं ब्रँडनाव दिलेलं जेनेरिक) म्हणतात त्या गोळ्यांवर छापील किंमत मुळातच फुगवलेली असते. समजा पाकिटावर १२० छापलेत आणि ते ७० टक्के सवलतीत ३६ ला मिळालं. तेच केंद्रात सवलत वगैरे काही नसताना २० ला असू शकतं. विचारायचं ते एवढंच: एका गोळीला शेवटी किती पडले? कागदावरच्या प्रत्येक औषधासमोर केंद्र, खासगी जेनेरिक दुकान आणि ऑनलाइन ॲप असे तीन दर लिहा. ऑनलाइनमध्ये पोहोचवण्याचा आणि हाताळणीचा खर्च धरायला विसरू नका. उरलेली एक-दोन महागडी औषधं जिथे स्वस्त पडतील तिथून घ्या. सगळं एकाच दुकानातून घेतलं पाहिजे असं कुठे आहे?

बिल दरवेळी रुग्णाच्या नावाने, डॉक्टरांच्या नावासह, छापील घ्या. डिस्चार्जनंतरच्या ज्या कालावधीचा खर्च पॉलिसी देते (अनेक पॉलिसींत तो ६० दिवसांचा असतो, तुमच्या कागदपत्रांत पाहा), त्यासाठी केंद्राचं बिलही चिठ्ठीच्या प्रतीसह चालतं. आई-वडील साठीच्या वरचे आहेत, त्यांचा आरोग्यविमा नाही आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत विवरण भरता, तर त्यांच्या औषधांवरचा खर्च वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावटीला धरता येतो. अट एक: पैसे रोख दिलेले नसावेत. म्हणून साठ रुपयांचं बिलही यूपीआयने द्या.

कागदावरचे दर वर्षातून दोनदा नव्याने तपासा, कारण औषधांच्या किमती खालीही येतात. मधुमेहात आणि हृदयाच्या कमकुवतपणात दिलं जाणारं एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ पर्यंत पेटंटखाली होतं आणि एक गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी ती दहा रुपयांच्या आगेमागे आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण चिठ्ठीवर जुन्या ब्रँडचं नाव असेल तर केमिस्ट तोच देत राहतो. पुढच्या फॉलोअपला कार्डावरच्या सर्वांत महाग दोन औषधांवर बोट ठेवून विचारा: यांचं पेटंट संपलंय का, आणि घटकाचं नाव लिहून द्याल का?